‘पोरं द्या, पण टिकणारी द्या’ : आयटीआयच्या नव्या टीपीओने कारखाने कसे जोडून घ्यावेत

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून “प्लेसमेंटचं आता तुम्हीच बघा” असं सांगितलं असेल आणि हातात कंपन्यांच्या फोन नंबरांची एक जुनी झेरॉक्स ठेवली असेल, तर तुम्ही आता टीपीओ, म्हणजे प्रशिक्षण आणि प्लेसमेंट अधिकारी, झालात आणि हा लेख तुमच्यासाठी आहे. त्या झेरॉक्सवरचे बरेच नंबर लागणार नाहीत. जे लागतील त्यातली काही माणसं कधीच दुसऱ्या कंपनीत गेलेली असतील. मी हे काम कोल्हापूर पट्ट्यात फिटर, टर्नर, मशिनिस्टच्या मुलांसाठी केलं, म्हणून उदाहरणं फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आणि मशीनशॉपची येतील. तुमच्याकडे यंत्रमाग असतील, औषधांचे कारखाने असतील, हॉटेलं असतील. माल वेगळा असला तरी मालकाशी बोलायची रीत साधारण हीच.

आपण आयटीआयवाले कारखान्यात वर्षातून दोनदा जातो. एकदा कॅम्पस मुलाखतींना बोलवायला आणि एकदा काहीतरी मागायला. त्यामुळे “आयटीआयचे सर आलेत” असा निरोप आत गेला की मालक आधी खिसा चाचपतो. ही सवय मोडायला मला दोन वर्षं लागली.

आधी आपलं घर तपासा

पहिला आठवडा कुठेही जाऊ नका. मागच्या तीन बॅचेसची हजेरीपुस्तकं काढा आणि एकेका मुलाला फोन लावा. कुठे लागला, किती दिवस टिकला, का सोडलं, आता काय करतो. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की नोकरी सोडण्याचं कारण बहुतेक वेळा पगार नव्हताच. दुसऱ्या शिफ्टनंतर गावाकडे एसटी मिळत नव्हती. सुपरवायझर शिव्या द्यायचा. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) म्हणून घेतलं आणि सहा महिने पॅकिंगला बसवलं. यातली एकही गोष्ट कंपनीच्या एचआरने मला कधी सांगितली नव्हती.

या फोनांतून आणखी एक फायदा होतो. सात-आठ वर्षांपूर्वी तुमच्याच वर्कशॉपमध्ये फाइल घासणारी मुलं आज सेटर (मशीन कामासाठी जुळवून देणारा), लाइन इन्चार्ज, क्वालिटी इन्स्पेक्टर झालेली सापडतात. गेटवरचा वॉचमन तुमच्या ओळखपत्राकडे ढुंकूनही बघत नाही, पण “आत शिंदे सेटरला सांगा, त्याचे सर आलेत” म्हटलं की खुर्ची येते.

कोणाकडे जायचं

पन्नास कंपन्यांची यादी करू नका. दहा-बारा निवडा आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जा. निवडताना माझा पहिला प्रश्न अंतराचा असतो: मुलगा रोज एसटीने किंवा मित्राच्या गाडीवर पोचेल का? दुसरा प्रश्न आकाराचा. मोठ्या नावाच्या कंपनीचा मोह सगळ्यांना होतो. ती येते, परीक्षा घेते, पहिल्या दहा-पंधरा नंबरची मुलं उचलते, फोटो छान येतो. पण तिथले निर्णय मुख्यालयातून होतात. तुमच्या वर्कशॉपमध्ये काय शिकवलं जातं याच्याशी तिथल्या एचआरला फारसं देणंघेणं नसतं. तीस ते दीडशे माणसांच्या कारखान्यात मालक स्वतः शॉपफ्लोअरवर उभा असतो, माणसांवाचून त्याची मशीन थांबते आणि तुमची मधल्या नंबरची मुलं तिथेच रुजतात.

एकेकट्याचं दार ठोठावण्याआधी त्या भागातल्या उद्योजक संघटनेकडे जा. आमच्याकडे शिरोलीत स्मॅक आणि गोकुळ शिरगावात गोशिमा आहे. नाशिकला निमा आणि अंबडला आयमा, छत्रपती संभाजीनगरात सीएमआयए आणि मसिआ, नागपुरात व्हीआयए, पुण्यात १९३४ पासूनची मराठा चेंबर. अध्यक्षांना निवेदन देऊन फोटो काढण्यात वेळ घालवू नका. तिथल्या कार्यालयीन सचिवाला भेटा. कोणत्या कारखान्यात नवी मशीन आली, कोणाची ऑर्डर वाढली, कोण माणसं शोधतंय हे त्याला तोंडपाठ असतं.

वेळेचंही भान ठेवा. महिनाअखेरीला डिस्पॅचची धावपळ असते, तेव्हा जाऊ नका. वीज-सुट्टीचा, म्हणजे कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा वार भागाभागाप्रमाणे वेगळा असतो, भोसरी-चाकणकडे तो गुरुवार. तो आधी विचारून घ्या. सकाळी शिफ्ट लागल्यावर तासभर सगळे गडबडीत असतात. अकराच्या चहाची वेळ बरी.

पहिल्या भेटीत काय मागायचं? काहीच नाही

पहिल्याच वर्षी मी एका कारखान्यात संस्थेच्या लेटरहेडवर मागण्यांची यादी घेऊन गेलो. मालक सज्जन होता. त्याने कोपऱ्यात पडलेलं जुनं सीएनसी लेथ भेट दिलं. हार घातला, वर्तमानपत्रात बातमी आली. मशीन आमच्याकडे पोचल्यावर कळलं की कंट्रोलरचं कार्ड गेलेलं आहे, सुटे भाग मिळत नाहीत आणि वर्कशॉपचा वीजभार त्याला पुरत नाही. ते ताडपत्रीखाली पडून राहिलं, आणि त्या मालकाला मात्र वाटत राहिलं की आयटीआयसाठी आपण पुष्कळ केलं. चूक माझीच. मी मागितलं होतं आणि त्याने दिलं होतं.

आता मी वही घेऊन जातो आणि पाच प्रश्न विचारतो. गेल्या महिन्यात रिजेक्शन कशामुळे झालं? शेवटचा नवा मुलगा घेतला त्याला काय येत नव्हतं? त्याला कोणी शिकवलं? एकट्याने मशीन सांभाळायला त्याला किती दिवस लागले? आणि गेल्या वर्षी घेतलेल्यांपैकी आज किती आहेत? शेवटच्या प्रश्नाला मालक थोडा थांबतो, मग मोकळं बोलतो. “सर, पोरं द्या, पण टिकणारी द्या” हे वाक्य मला तिथेच ऐकायला मिळालं, आणि नंतर जवळजवळ प्रत्येक कारखान्यात.

उत्तर मिळालं की लगेच “आम्ही करून देऊ” म्हणू नका. वहीत लिहा, चहा घ्या, “आठ दिवसांत परत येतो” म्हणा आणि खरंच आठव्या दिवशी जा. बहुतेक लोक परत येत नाहीत, त्यामुळे तुम्ही आलात हेच त्याच्या लक्षात राहतं.

“बेसिक येत नाही” म्हणजे नेमकं काय?

हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकाल. मालकाला त्यातून काय म्हणायचंय ते उलगडून घेणं हाच या कामाचा गाभा, म्हणून इथे जरा थांबतो.

एका मशीनशॉपमध्ये मालक म्हणाला, “तुमच्या पोरांना बेसिक येत नाही.” मी म्हटलं, “दाखवा.” त्याने इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी नेलं. तिथे बोअर केलेलं कास्टिंग (ओतीव भाग) होतं, ड्रॉइंगवर व्यास आणि त्याची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक. माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने मायक्रोमीटर बरोबर लावला, वाचनही बरोबर घेतलं, पण मोजण्याआधी झिरो, म्हणजे मायक्रोमीटर शून्यावर बरोबर येतो का, ते तपासलं नाही. तासभर तो प्रत्येक नगाचा चुकीचा आकडा रिपोर्टमध्ये भरत होता. म्हणजे मायक्रोमीटर त्याला येत होता. झिरो तपासायची सवय नव्हती, कारण आमच्या वर्कशॉपमध्ये तो एकाच जॉबवर एकदाच मोजायचा आणि मार्क घ्यायचा. एका दिवसात दोनशे नग मोजायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

असं उलगडत गेलं की ‘बेसिक’ची यादी बहुतेक ठिकाणी सारखी निघते. ड्रॉइंग वाचणं. माप घेणं आणि लिहून ठेवणं. इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) झिजला की आवाजावरून ओळखणं. नग बिघडला तर लपवून न ठेवता सांगणं. आणि रजेवर जाण्याआधी फोन करणं. हे शेवटचं मालकांच्या यादीत फार वर असतं, आणि ते आपल्या कुठल्याही ट्रेडच्या परीक्षेत नाही.

इथे मालकाला एक गोष्ट स्पष्ट सांगा: अभ्यासक्रम दिल्लीहून, प्रशिक्षण महासंचालनालयाकडून ठरतो, तो तुम्ही बदलू शकत नाही. पण त्या अभ्यासक्रमातली कौशल्यं कोणत्या जॉबवर घोटवून घ्यायची हे बरंचसं तुमच्या आणि निदेशकांच्या (वर्कशॉपमध्ये शिकवणाऱ्यांच्या) हातात असतं. आम्ही त्या कारखान्यातून रिजेक्ट झालेली कास्टिंग्ज मागून घेतली. भंगारात जाणारा माल, त्याला त्यात फारसा तोटा नव्हता. आमची मुलं मात्र माइल्ड स्टीलच्या चौकोनी तुकड्याऐवजी खऱ्या नगावर मोजायला, खुणा करायला, ड्रिल करायला लागली. त्या ताडपत्रीखालच्या लेथपेक्षा या भंगाराचा उपयोग कितीतरी जास्त झाला.

पायरी पायरीने मागा

आता मागायला हरकत नाही, पण आधी लहान. एका सुपरवायझरचा एक तास मागा. मालकाचं प्रेरणादायी भाषण नको. ज्याचे हात रोज तेलाने काळे होतात त्याने येऊन बिघडलेले दहा नग टेबलावर मांडावेत आणि प्रत्येक का बिघडला ते सांगावं. मुलं असा तास विसरत नाहीत. तो सुपरवायझरही घरी जाऊन सांगतो की मी आज आयटीआयत शिकवलं. पुढे तुमची मुलं त्याच्याच हाताखाली जाणार असतात.

त्यानंतर वार्षिक परीक्षेआधी एक सराव चाचणी ठेवा आणि गुण द्यायला त्यालाच बोलवा. मग ऑन-द-जॉब ट्रेनिंग (ओजेटी), म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाला १५० तासांचं ओजेटी किंवा गटप्रकल्प आहे. बऱ्याच ठिकाणी ते कागदावर उरकलं जातं. तुम्ही चार-चार मुलांच्या तुकड्या करून खरोखर पाठवलंत तर मालकाला फुकटात एक संधी मिळते: मुलं बघून, पारखून घेण्याची.

एवढं जमलं की दुहेरी प्रशिक्षण पद्धतीचा विषय काढा. यात आयटीआय आणि कंपनी करार करतात आणि प्रशिक्षणाचा काही काळ मुलं कंपनीतच शिकतात. वर्षाच्या ट्रेडला तीन ते सहा महिने, दोन वर्षांच्या ट्रेडला सहा ते बारा. पहिल्याच भेटीत हा करार पुढे करणारे टीपीओ मी पाहिलेत. सही होते, पुढे काही होत नाही.

शेवटची पायरी संस्था व्यवस्थापन समितीची. २००७-०८ पासून देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयना सार्वजनिक-खासगी भागीदारी योजनेखाली प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज देण्याचं ठरलं. त्यासाठी ही समिती सोसायटी म्हणून नोंदवायची होती. अध्यक्ष उद्योगातला, प्राचार्य सदस्य सचिव. कागदावर ही भागीदारीची सगळ्यात भक्कम जागा. प्रत्यक्षात अनेक समित्या इतिवृत्तावर सही करण्यापुरत्या उरल्या. तुमची तशी असेल तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत खरेदीच्या आधी एक विषय घाला: गेल्या बॅचमधलं कोण कुठे आहे. तुम्ही पहिल्या आठवड्यात केलेले फोन इथे कामी येतात. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-सेतू योजनेत १,००० शासकीय आयटीआय २०० हब (मुख्य संस्था) आणि ८०० स्पोक (त्यांना जोडलेल्या संस्था) अशा रचनेत उद्योगांच्या साथीने सुधारायच्या आहेत. तुमची संस्था त्यात असो वा नसो, कारखानदारांशी जुनी ओळख नसेल तर कुठलीही योजना आली तरी पुन्हा झेरॉक्सपासूनच सुरुवात होते.

शिकाऊ उमेदवारीचा हिशेब पाठ करून जा

मुलगा पास झाला की कारखान्याला बांधणारी खरी दोरी म्हणजे शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) कायदा, १९६१. यावर मालक हमखास प्रश्न विचारतात, आणि तुम्ही अडखळलात की एचआर “बघू, कळवतो” म्हणते.

२०१९ च्या नियमबदलानंतर ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. संख्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के. या मनुष्यबळात कंत्राटी कामगारही धरतात, हे पुष्कळ मालकांना माहीत नसतं. ८० कायम आणि ४० कंत्राटी असतील तर हिशेब १२० वर: किमान ३, कमाल १८.

मासिक विद्यावेतनाचा किमान दर २०१९ च्या नियमांत आयटीआय उत्तीर्णासाठी ७,००० रुपये ठेवला होता. जाण्याआधी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर चालू दर बघून वहीत लिहून घ्या. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार या विद्यावेतनाचे २५ टक्के, महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये, थेट मुलाच्या खात्यात जमा करतं. इथे पैसे अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे खात्याला आधार जोडलेलं नसणं. वर्ग सुटण्याआधीच, मे-जूनमध्ये, सगळ्यांची खाती तपासून घ्या.

मालकांचे नेहमीचे तीन प्रश्न. पीएफ भरायचा का? नाही, शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नाही, त्याला पीएफ आणि ईएसआय लागू होत नाही. वर्षानंतर ठेवून घ्यावं लागेल का? करारात तसं लिहिलं नसेल तर सक्ती नाही. अपघात झाला तर? प्रशिक्षणाच्या कामात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, आणि कारखान्यातल्या सुरक्षेचे कायदेशीर नियम त्या मुलालाही लागू आहेत. हे तिसरं उत्तर गुळमुळीत देऊ नका. ओव्हरटाइमही शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय लावता येत नाही, आणि धोकादायक उद्योगात वय १८ पूर्ण लागतं.

कमी उमेदवार घेतले तर दंड आहे: पहिले तीन महिने कमी पडलेल्या प्रत्येक उमेदवारामागे महिना ५०० रुपये, पुढे १,०००. हे माहीत असू द्या, पण बोलण्याची सुरुवात इथून करू नका. दंडाच्या धाकाने घेतलेली मुलं कोपऱ्यात बसवली जातात.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवा. २०२४ पासून राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, तिचं विद्यावेतन शासन देतं. आयटीआय उत्तीर्णासाठी ते महिना ८,००० रुपये ठेवलं होतं. मालक ही योजना, शिकाऊ उमेदवारी आणि आपलं ओजेटी एकच समजतात आणि मग विचारतात, “तिकडे सगळे पैसे शासन देतंय, मग मी का देऊ?” तिन्हींचा फरक एका कागदावर मराठीत छापून खिशात ठेवा. ओजेटीला जाणारा मुलगा अजून तुमचा विद्यार्थी असतो, शिकाऊ उमेदवार नसतो. म्हणून त्याचा अपघात विमा कोण काढणार आणि दवाखान्यात कोण नेणार हे करारात लिहून घ्या. तोंडी नको.

मुलगा आत गेल्यावर

सही मालकाची असते, पण मुलगा शिकतो की नाही हे सुपरवायझर ठरवतो. त्याला कोणी विचारलेलं नसतं, उत्पादनाचं टार्गेट तेवढंच असतं आणि वर हे चार पोरगे. पाठवण्याआधी अर्धा तास त्याच्याशी बसा. एका पानाची यादी करा: पहिल्या महिन्यात मुलाने काय बघायचं, दुसऱ्यात कोणाच्या हाताखाली काय करायचं, तिसऱ्यात एकट्याने काय. मुलाकडे रोजची वही, आठवड्याला सुपरवायझरची सही.

पहिले पंधरा दिवस नाजूक. गळती तेव्हाच होते. मुलं सांगत नाहीत, नुसती यायची बंद होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जाऊन उभे राहा. कँटीन आहे की डबा, सेफ्टी शूज मिळाले का, शिफ्ट बदलली तर गाडी कुठली. मुली पाठवणार असाल तर स्वच्छतागृह आणि येण्याजाण्याची सोय स्वतः डोळ्यांनी बघा. “आहे ना सर” यावर विसंबू नका.

एका कारखान्यात आमच्या दोन मुलांना तीन महिने फक्त फेटलिंगला (ओतीव भागाच्या कडा घासून साफ करायला) लावलं होतं, दिवसभर ग्राइंडर. एचआरकडे तक्रार केली, गोड उत्तर मिळालं. मग मुलांच्या वह्या घेऊन प्रॉडक्शन मॅनेजरकडे गेलो. रोजच्या पानावर तोच शब्द, ‘ग्राइंडिंग’. तरी काही हललं नाही, तेव्हा शिकाऊ उमेदवारी सल्लागारांना कळवून करार मोडला आणि मुलांना दुसरीकडे लावलं. ती कंपनी अजून माझा फोन उचलत नाही. प्राचार्यही थोडे नाराज झाले, कारण आकडा कमी झाला. पण पुढच्या बॅचच्या पालकांनी त्या दोघांकडूनच चौकशी केली होती, हे मला प्रवेशाच्या वेळी कळलं.

उलट बाजूही असते. तुमचा मुलगा दांडी मारतो, भांडतो, गेज चोरतो. कंपनीचा फोन येण्याआधी तुम्ही फोन करा. वाईट बातमी आपल्याकडून आधी कळली की मालक पुढच्या खेपेला तुमच्या शब्दावर मुलगा घेतो.

संबंध ठेवायचे कसे

खंडेनवमीला मशीनची पूजा असते तेव्हा पाच मिनिटं जाऊन या. काही मागू नका, प्रसाद घ्या. १७ सप्टेंबरला, विश्वकर्मा जयंतीला आयटीआयचा दीक्षांत समारंभ होतो. प्रमाणपत्रं द्यायला पुढाऱ्यासोबत त्या सुपरवायझरलाही व्यासपीठावर बसवा. माझ्या अनुभवात कुठल्याही सामंजस्य करारापेक्षा या खुर्चीने जास्त काम केलं.

वरिष्ठ कार्यालय तुम्हाला किती ऑफर लेटर दिली ते विचारेल. ते भरून द्या. स्वतःच्या वहीत मात्र दुसरा आकडा ठेवा: बारा महिन्यांनी किती मुलं त्याच कारखान्यात आहेत, आणि त्यातली किती मशीनवर.

ही वही संस्थेची समजा. शासकीय नोकरीत बदली होतेच, आणि टीपीओ गेला की कारखानेही तुटतात. प्रत्येक कारखान्याला दोन पानं द्या: मालकाचं आणि सुपरवायझरचं नाव, सुट्टीचा वार, कोणत्या मशीन, त्यांनी सांगितलेलं रिजेक्शनचं कारण, आपण काय कबूल केलं आणि त्यातलं काय अजून राहिलंय. नव्या माणसाला कार्यभार देताना त्याला गाडीवर मागे बसवून निदान पहिल्या पाच कारखान्यांत स्वतः घेऊन जा.